जॅकताईचा जॅक

मी जॅक बोलतोय. नाव परक्या मुलखातलं वाटेल, पण गेली पंधरा वर्षं मी उंब्रजला हायवेच्या कडेला राहतो, म्हणजे आता मी इथलाच. गाडीचं चाक काढायचं असलं की गाडीखाली ज्याला सरकवतात आणि दांडा मारून गाडी वर घेतात, तो मी. उंची वीत-दीड वीत, अंग जाडजूड, आकार बाटलीसारखा. पोटात तेल. दांडा खालीवर केला की तेलावर दाब येतो आणि माझा पिस्टन हळूहळू वर सरकतो. छातीवर ‘२० टन’ असं उठावाच्या अक्षरांत लिहिलेलं आहे. लाल रंग होता, तो आता तळाशी थोडासा उरलाय.

गाडी वर गेली की लोक गाडीकडे बघतात. खाली कोण आहे ते कुणी बघत नाही. याचं मला वाईट वाटत नाही, कामच तसलं आहे. पण सारखं खालून बघायची सवय असल्यामुळे एक मुलगी मला इतरांच्या आधी दिसली. आज तिचीच हकिकत सांगायची आहे. माझी ओघात येईलच.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. भट्टीचा उजेड, लेथचा आवाज, तेलाचा वास, बस्स. मग खोक्यात बसून लांबचा प्रवास, आणि खोकं उघडलं ते थेट कराडला, एका हार्डवेअरच्या दुकानात. तिथे महिनाभर फळीवर बसून होतो. एक दिवस एक सडपातळ तरुण आला. त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं, उलटं केलं, तळाशी बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

‘‘ह्योच द्या,’’ तो म्हणाला.

हा कपिल. पुण्याकडे दुसऱ्याच्या गॅरेजात सहा वर्षं राबून तो गावी परत आला होता आणि सर्व्हिस रोडच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं पंक्चरचं दुकान टाकत होता. घरी दीड महिन्याची मुलगी होती. तिचं नाव दीक्षा. म्हणजे त्या घरात ती आणि मी एकाच वर्षी आलो.

दुकानात बसून माणसं बघायला मिळतात. पंक्चर झालेला माणूस खाली उतरला की आधी टायरला लाथ मारतो. मग फोन काढतो आणि घरी सांगतो, ‘‘पोचलोच.’’ महाबळेश्वरला निघालेली मंडळी चाक निघेपर्यंत एकमेकांचे फोटो काढतात. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना थांबायला अजिबात वेळ नसतो, पण शेजारच्या टपरीवर दोन चहा होतात. मुंबईचे ट्रकवाले कपिलला ‘उस्ताद’ म्हणतात, गावातले ‘ए कपिल’ म्हणतात. दोन्ही हाकांना तो सारखाच हसून ‘ओ’ देतो.

दीक्षा सहावी-सातवीत गेल्यापासून शाळा सुटली की दुकानात यायची. ट्यूबमध्ये हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, हे तिचं काम. ते तिच्यासारखं कुणाला जमायचं नाही. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तिला दिसायचं. बाकी मात्र ती असून नसल्यासारखी. गिऱ्हाईक यायचं, शेडमध्ये डोकावायचं आणि विचारायचं, ‘‘कुणी न्हाई का दुकानात?’’ दीक्षा तिथेच, हातभर अंतरावर पाना घेऊन उभी असायची.

‘‘हाय की,’’ ती म्हणायची. ते त्याला ऐकूच जायचं नाही.

शाळेतही तेच. हजेरी घेताना ती ‘हजर’ म्हणायची, पण आवाज बाईंपर्यंत पोचायचा नाही, आणि बाई गैरहजेरी मांडायच्या. नववीच्या वर्गाचा फोटो घरी आला, त्यात कडेला तिचा अर्धा खांदा आणि एक वेणी. बाकीची दीक्षा फोटोच्या बाहेर. तिच्या आईनं तो फोटो बराच वेळ हातात धरला होता. दीक्षाची आई शाळेत पोषण आहार शिजवते. ती म्हणाली, ‘‘आगं, जरा फुडं सरकायचं न्हाईस का?’’

‘‘सरकले हुते. मग दुसरी आली.’’

तक्रारीचा सूर नव्हता. ऊन पडलं, पाऊस आला, तसं तिनं सांगितलं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या पोटात काहीतरी बिनसलं. आतलं वायसर, म्हणजे तेल अडवणारी रबरी चकती, झिजलं होतं. ओझं घेतलं की बुडाशी तेलाचा थेंब यायचा. मला कळत होतं, पण सांगणार कसं? दीक्षाला मात्र दिसलं. मला उचलून ठेवताना तिच्या हाताला तेल लागलं.

‘‘पप्पा, जॅक गळतोय. वायसर बदलाय पायजे.’’

कपिल टायरमध्ये डोकं घालून बसला होता. ‘‘व्हय व्हय,’’ तो म्हणाला.

आठवड्यानं तिनं पुन्हा सांगितलं. ह्या खेपेला त्यानं वरून थोडं तेल भरलं आणि म्हणाला, ‘‘हंगाम सरू दे, मग कराडला न्हेऊ.’’ साखर कारखाने सुरू झाले होते. दिवसाला आठ-दहा ट्रॅक्टर दुकानाशी थांबत होते. मला एक दिवस सोडणं त्याला परवडत नव्हतं. तो वाईट माणूस नाही. फक्त त्या दिवसांत त्याचं डोकं टायरमध्ये होतं.

नोव्हेंबर सरत आला होता. शनिवार होता, शाळा सकाळची; दुपारचे तीन वाजले असतील. भाऊसो नावाचे एक ट्रॅक्टरवाले आले, आमचे नेहमीचे, वय पंचेचाळीसच्या घरात, कामापुरतं बोलणारे. मागे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. त्यातल्या मागच्या ट्रॉलीचं डावं चाक बसलं होतं. कपिलनं मला आसाखाली लावलं, दांडा मारला, ट्रॉली वर घेतली, चाक काढून शेडमध्ये नेलं. ट्रॉली घरंगळू नये म्हणून दीक्षा पुढच्या चाकाला दगडाची उटी लावत होती. चाकाचा एक नट घरंगळत ट्रॉलीखाली गेलेला भाऊसोंनी पाहिला. ते पालथे झाले आणि हात लांब करून आत सरकले.

पुढचं सांगायला मला जड जातं. माझ्या आतलं वायसर फाटलं. तेल मागे पळालं. मी खाली बसायला लागलो, थांबायचा प्रयत्न केला, पण लोखंडाला प्रयत्न करता येत नाही. ट्रॉली कलली, मी आडवा झालो आणि आस भाऊसोंच्या उजव्या पायावर आला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ट्रॉली आणखी वीतभर खाली आली असती तर छातीवर होती.

तिथे ट्रॉली थांबली.

आडव्या पडल्या पडल्या मला दोन पाय दिसले. शाळेचे काळे बूट, पांढरे मोजे. बूट मुरमात घोट्यापर्यंत रुतले होते. दीक्षानं ट्रॉलीच्या लोखंडी चौकटीखाली दोन्ही हात घातले होते. मग ट्रॉली वर गेली. धक्क्यानं नाही, हळू, जशी माझ्या चांगल्या दिवसांत जायची तशी. उसाच्या मोळ्या वर करकरल्या.

‘‘पप्पा,’’ ती म्हणाली, ‘‘काकांस्नी भायेर वडा.’’

आवाज नेहमीचाच. कपिलला तो ऐकू गेला नाही. तिनं दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तो शेडच्या दारात आला आणि हातातली टामी, टायर उचकटायची लोखंडी पहार, तिथेच पडली. त्यानं भाऊसोंना काखेत धरून बाहेर ओढलं. दीक्षानं मान वळवून नीट बघितलं.

‘‘सोडू का?’’ तिनं विचारलं.

‘‘सोड,’’ कपिल म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

तिनं ट्रॉली अलगद खाली ठेवली, बूट मुरमातून उपसले आणि हात स्कर्टला पुसले. मग ती टपरीवर पाणी आणायला धावली, भाऊसोंसाठी.

हे असं का झालं, ते मला विचारू नका. कराडच्या मोठ्या दवाखान्यात तिला तपासलं. रक्त, हाडं, काळीज, सगळं चारचौघींसारखं. डॉक्टरांनी तिला एक टेबल उचलायला सांगितलं, तिनं टेबलाबरोबर त्यावर बसलेला शिकाऊ डॉक्टरही उचलला. आईनं घरी विचारलं तेव्हा दीक्षा म्हणाली, ‘‘वाटलं, आता धरलं न्हाई तर काका जात्यात. हात घातला. हलकं लागलं.’’

टपरीवर बसलेल्या एका पोरानं मोबाईलवर शूटिंग केलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सातारा-सांगलीत फिरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शेडसमोर चॅनेलच्या तीन गाड्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या एका बाईंनी माइकमध्ये ‘उंब्रजची जॅकताई’ म्हटलं आणि तेच नाव पडलं. माझं नाव असं घराघरात जाईल असं कारखान्यातल्या भट्टीत कुणाला वाटलं असेल?

मग दोन महिने काय गर्दी झाली. शाळेनं सत्कार केला. ज्या बाई गैरहजेरी मांडायच्या त्यांनी भाषणात सांगितलं की दीक्षा पहिल्यापासून वेगळी होती. वर्गाचा फोटो पुन्हा काढला, आणि या वेळी तिला मधोमध खुर्चीवर बसवलं. चौकात फ्लेक्स लागले. त्यांवर पुढाऱ्यांचे चेहरे मोठे आणि दीक्षाचा लहान, पण होता. घरात नारळ आणि शाली मावेनात. लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे, चाक चांगलं असलं तरी म्हणायचे, ‘‘बदला की. पण ताईनं उचलाय पायजे.’’ ती एका हातानं गाडी उचलून धरायची, कपिल चाक बदलायचा, आणि गाडीवाला फोटो काढायचा.

खरं सांगतो, तिला ते आवडलं. का आवडू नये? पंधरा वर्षं जिला कुणी हाक मारली नव्हती तिला रस्त्यावरून अनोळखी माणसं हाका मारत होती. ती आरशासमोर वेणी दोनदा घालायला लागली. आवाजही जरा मोठा झाला. एकदा गिऱ्हाईक म्हणालं, ‘‘कुटं हाय जॅकताई?’’ तर ती शेडमधून खणखणीत म्हणाली, ‘‘हितं हाय.’’ आत लोखंडात मला बरं वाटलं.

मी मात्र बाकड्याखाली गेलो होतो. वायसर फाटलेलं, तेल निथळलेलं, अंगावर धूळ. माझी गरज उरली नव्हती.

भाऊसो कराडच्या दवाखान्यात होते. पायात सळई घातली होती, त्या हंगामात ट्रॅक्टर चालवणं शक्य नव्हतं. चॅनेलवाल्यांनी पहिल्या दिवशी त्यांचा चेहरा दाखवला आणि मग ते त्यांना विसरले. दीक्षा विसरली नाही. दर रविवारी ती एसटीनं कराडला जायची. एका रविवारी तिनं मला बाकड्याखालून ओढून काढलं आणि फडक्यानं पुसायला लागली.

‘‘पप्पा, जॅकचं वायसर बदलून आणूया.’’

कपिल नव्या शर्टात होता. त्याला संध्याकाळी कुठल्यातरी सत्काराला जायचं होतं. तोही बदलला होता. ‘ए कपिल’ म्हणणारे आता ‘कपिलराव’ म्हणत होते. त्याला त्या हाकेची चटक लागली होती, आणि त्याला तरी नावं कशाला ठेवू?

‘‘आता जॅक कशाला?’’ तो हसून म्हणाला. ‘‘तू हायस की.’’

तिचा हात माझ्यावर तसाच थांबला. ‘‘भाऊसोकाका इचारत हुते,’’ ती म्हणाली, ‘‘जॅक सटकला कसा म्हणून.’’

‘‘मग काय सांगितलंस?’’

‘‘काय न्हाई.’’

कपिलच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. त्यानं शर्टाची कॉलर नीट केली आणि तो बाहेर गेला. त्या दिवसापासून बापलेकीत एक न बोललेली गोष्ट येऊन बसली. मला ती दिसत होती, कारण ती माझ्याच पोटातली होती.

फेब्रुवारीत कुंडलहून वीरधवल नावाचे एक तरुण आले. घरचा ऊस, वडील सैन्यातून निवृत्त, गावातल्या मंडळाचे हे अध्यक्ष. बोलायला अदबशीर. म्हणाले, ‘‘कपिलदादा, आमच्या मैदानावर कार्यक्रम घेतोय. पाच-सात हजार माणूस येईल. ताईनं ट्रॉली उचलायची, वर वीस माणसं बसलेली. पंचक्रोशीत असं झालं न्हाई.’’ आणि निघताना म्हणाले, ‘‘तो जॅक हाय का अजून? तो बी आणा. ठेवू स्टेजवर.’’

अशा रीतीनं मी आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये बसून कुंडलला गेलो. कुस्त्यांचं मैदान, भोवती माणूसच माणूस. दुपारचं ऊन कलायला लागलं होतं. स्टेजवर एका टेबलावर पांढरं कापड अंथरून मला ठेवलं होतं. एवढ्या लोकांनी एकदम माझ्याकडे बघायची ती पहिलीच वेळ.

वीरधवलांनी माइक घेतला. सगळी हकिकत रंगवून सांगितली आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘मंडळी, ऐन वेळी दगा देणारा तो जॅक ह्योच. लोखंडानं दगा दिला, पण लेकीनं जीव राखला.’’

लोक हसले. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मला चप्पल दाखवली. मी ते सोसलं. चूक माझ्या हातून झालीच होती.

मैदानात ट्रॉली उभी होती. तिच्यावर माणसं चढून बसली. पंधरा-वीस जण, त्यांत तीन-चार लहान मुलंही बापांनी वर चढवलेली. ती हात हलवत होती. दीक्षा पुढे झाली, ट्रॉलीभोवती एक फेरी मारली, चौकटीला हात लावला. मग हात काढून घेतला आणि स्टेजपाशी परत आली.

‘‘दादा, वर माणसं असताना मी उचलणार न्हाई.’’

वीरधवल खाली वाकले. ‘‘काय झालं ताई? तब्येत?’’

‘‘तब्येत बरी हाय. पर सुटलं तर?’’

‘‘आगं, तू यापेक्षा जास्त उचललंयस.’’

‘‘व्हय. तवा खाली माणूस हुता.’’

माइक त्यांच्याच हातात होता, त्यामुळे हे सगळं मैदानाला ऐकू गेलं. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. कुणी ओरडलं, ‘‘सगळं खोटं हुतं व्हय?’’ वीरधवलांनी गडबडून माइक तिच्या हातात दिला. ‘‘तूच सांग बाई लोकांस्नी काय सांगायचं ते.’’

दीक्षानं माइक धरला. एवढ्या गर्दीसमोर ती एकटी कधी बोलली नव्हती.

‘‘जॅकनं दगा दिला न्हाई,’’ ती म्हणाली. मैदान थोडं शांत झालं. ‘‘त्याचं वायसर गेलं हुतं. ते आदीच गेलं हुतं. आमाला...’’

इथे ती थांबली. तिनं स्टेजच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या बापाकडे पाहिलं. नवा शर्ट, गळ्यात हार. तिनं ओठ मिटले. पुढचं वाक्य तिच्या तोंडात होतं, मला दिसत होतं, आणि ती ते गिळत होती. माइक तिनं खाली केला.

कपिल उठला. हार काढून त्यानं खुर्चीवर ठेवला, चालत आला आणि तिच्या हातातून माइक घेतला.

‘‘आमाला म्हाईत हुतं,’’ तो म्हणाला. ‘‘मला. पोरीनं दोनदा सांगितलं हुतं, पप्पा जॅक गळतोय म्हणून. मी ऐकलं न्हाई. हंगाम हुता. त्या ट्रॉलीखाली भाऊसो गेला, त्याचा पाय मोडला, त्यो माझ्यामुळं. तीन म्हैने झालं, मी हार घालून हिंडतोय आणि त्याला एकदा भेटाय गेलो न्हाई. काय तोंडानं जाऊ?’’

त्यानं माइक टेबलावर, माझ्याशेजारी ठेवला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ट्रॉलीवरची माणसं एकेक करून खाली उतरायला लागली, मुलांना काखेत धरून. पुढच्या रांगेत एक म्हातारे पैलवान बसले होते, कान मोडलेले. ते सावकाश उठले, कपिलजवळ आले, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘बोललास ते बरं केलंस गड्या.’’ आणि निघून गेले. बाकीची गर्दीही कुरकुरत पांगली.

वीरधवल मोकळ्या मैदानाकडे बघत उभे होते. कार्यक्रम त्यांचा पडला होता. तरी त्यांनी आम्हाला घरी नेलं, पिठलं-भाकरी वाढायला लावली आणि जीपनं उंब्रजला पोचवलं. निघताना दीक्षाला म्हणाले, ‘‘माझा पुतण्या हुता वर. चार वर्साचा.’’

दुसऱ्या दिवशी कपिल एसटीनं भाऊसोंच्या घरी गेला. ते दवाखान्यातून नुकतेच घरी आले होते. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत आला तेव्हा त्याच्या पिशवीत भाऊसोंच्या शेतातला हरभऱ्याचा डहाळा होता. तो त्यानं दीक्षाच्या पुढ्यात ठेवला आणि मला उचललं. ‘‘चल कराडला,’’ तो म्हणाला. ‘‘तू बी चल. वायसर कसं बसवत्यात ते शिकून घी.’’

कराडच्या मेस्त्रींनी माझं पोट उघडलं, धुतलं, नवं वायसर घातलं, नवं तेल भरलं. दीक्षा मेस्त्रींच्या शेजारी उकिडवी बसून बघत होती आणि प्रश्न विचारत होती. मेस्त्री तिला ओळखत नव्हते, तरी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होते.

कुंडलच्या प्रकारानंतर पंधरा दिवसांत चॅनेलवाल्यांना दुसरा कुणीतरी सापडला. फ्लेक्स उतरले. त्यांतला एक आमच्या शेडवर गळतीच्या जागी पांघरलाय. दीक्षा दहावीला बसली, बऱ्या मार्कांनी पास झाली. ताकद तिच्या हातात होती तशीच होती, पण दुकानात पहिला मान आता माझा. ‘‘जॅक लावा,’’ ती म्हणायची, ‘‘त्याला जमलं न्हाई तर मी हाय.’’

जुलैत एका सकाळी फोन आला. महाबळेश्वरच्या बाजूचा एक जण, नाव गुंडा, टॅक्सी चालवतो, आमचं जुनं गिऱ्हाईक. तीन दिवस तिकडे पाऊस थांबला नव्हता. त्याच्या वाडीत डोंगराची कड घरावर आली होती, घराचा स्लॅब बसला होता आणि त्याच्याखाली मनुबाई नावाची म्हातारी अडकली होती. जिवंत होती, बोलत होती. वाडीचा रस्ता वाहून गेला होता, दरड उपसायचं मशीन खालच्या वळणाच्या पुढे येऊ शकत नव्हतं. ‘‘पोरीला घिऊन या,’’ गुंडा म्हणाला. ‘‘दुसरं मला कुणी सुचंना.’’

कपिलनं दीक्षाकडे पाहिलं. ‘‘जायचं का? तू न्हाई म्हणालीस तर न्हाई.’’

‘‘जॅक घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘आणि ठोकळं बी.’’

पिकअपमधून आम्ही निघालो. मेढ्याच्या पुढे काच पुसून पुसून फडकं भिजलं. वळणापाशी गाडी सोडून चालत चढलो. मला दीक्षानं काखेत मारलं होतं, डब्यासारखं. वाडीत दहा-बारा माणसं घोंगड्या, इरली घेऊन उभी होती. स्लॅब एका बाजूनं जमिनीला टेकला होता, दुसरी बाजू मोडक्या भिंतीवर. त्या फटीतून म्हाताऱ्या बाईचा आवाज येत होता. ती कुणालातरी शेळी सोडायला सांगत होती.

दीक्षानं स्लॅबच्या कडेला हात घातला. पाय चिखलात रुतले. स्लॅब वर आला, हातभर. पण आत जायला कुणी धजेना. भिंत हलत होती, वरून माती येत होती. गुंडा एकदा वाकला आणि मागे झाला. त्याला दोष नाही. एका मुलीच्या हातांवर विसंबून एवढ्या दगडाखाली कोण शिरेल?

ती तशीच धरून उभी होती. तिला हात काढता येत नव्हते.

‘‘पप्पा,’’ ती म्हणाली. पावसाचा आवाज एवढा होता की मला वाटलं, ऐकू जाणार नाही. पण तिनं तोंड उघडण्याआधीपासूनच कपिल तिच्याकडे बघत होता. ‘‘जॅक लावा. मी जाते आत.’’

कपिल चिखलात आडवा झाला. खाली दोन लाकडी ठोकळे, वर मी. दांडा मारला, माझं डोकं स्लॅबला टेकलं. बाजूनं त्यानं आणखी दोन ठोकळे रचले आणि मला हातानं हलवून पाहिलं. बुडाशी बोट फिरवलं. कोरडं होतं.

‘‘सोड,’’ तो म्हणाला. ‘‘हळू.’’

तिनं भार सोडायला सुरुवात केली. मी तो घेत गेलो. किती टन होता कुणास ठाऊक. माझ्या आत तेल दगडासारखं घट्ट झालं. उचलणं ती माझ्यापेक्षा चांगलं करते, यात वाद नाही. पण उचलून धरून ठेवणं, कुणी आत जाऊन परत येईपर्यंत जागचं न हलणं, त्यासाठी मी बनलोय. तिनं दोन्ही हात पूर्ण काढून घेतले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पोटावर सरकत आत गेली.

सात-आठ मिनिटं गेली असतील. मी काहीच विचार केला नाही. मग तिचे पाय आधी बाहेर आले, मग पाठ, मग तिच्या हातांत कांबळ्यात गुंडाळलेली मनुबाई. कपाळावर खोक, बाकी धडधाकट. तिला पडवीत बसवलं, कुणी चहा आणला. म्हातारीनं दीक्षाचा चिखलानं माखलेला चेहरा पदरानं पुसला आणि बारकाईनं बघितलं. तिच्याकडे टीव्ही नव्हता, मोबाईल नव्हता.

‘‘कुणाची गं तू?’’

‘‘ह्यांची,’’ दीक्षा म्हणाली आणि कपिलकडे बोट केलं. ‘‘आमचं उंब्रजला पंक्चरचं दुकान हाय.’’

‘‘हात कसं गार पडल्यात बघ,’’ म्हातारी म्हणाली आणि स्वतःच्या चहाची अर्धी बशी तिच्यापुढे केली.

तिथे रेंज नव्हती. कुणी शूटिंग केलं नाही. ही हकिकत तुम्ही माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकताय.

आता ऑगस्ट चाललाय. दीक्षाला सांगलीला डिप्लोमाला प्रवेश मिळालाय, मेकॅनिकलला. परवा ती हॉस्टेलवर जाईल. कपिल म्हणाला, ‘‘जॅक न्हे संगं, आठवण म्हणून.’’ ती म्हणाली, ‘‘आठवण कशाला, त्याला काम हाय हितं.’’ ते ऐकून मी सुखावलो. माझ्या पिस्टनवर आता चरे पडलेत. आणखी दोन-तीन हंगाम निघतील, मग भंगारात जाईन, वितळेन, दुसरं काहीतरी होईन. त्याचं दुःख नाही.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या घरात, वर्गात, कामावर एखादं कमी बोलणारं माणूस असेल. त्याच्या हातात ताकद येण्याची वाट बघू नका. आज जेवायला बसाल तेव्हा त्याला विचारा, दिवसभरात काय काय बघितलंस. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ जेवण थांबवा.

बाहेर एक ट्रक येऊन थांबलाय, मागचं चाक बसलंय. कपिलनं मला हात घातला. बरंय, येतो मी.